परमुलखी शिकणाऱ्या पोरांचा वाली कोण?

बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एक नवा हंगाम सुरू होतो. एस.टी. स्टँडाच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानावर, दुधाच्या डेअरीपाशी फलक लागतात. परदेशात डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, आम्ही सर्व व्यवस्था करतो, असे त्यांवर लिहिलेले असते. आमचे शेतकरी आणि कारागीर बांधव तेथे जातात. फी किती, हप्ते किती, विमान केव्हा, भारतीय जेवण मिळते काय, एवढी चौकशी करतात आणि घरी येऊन जमिनीचा तुकडा किंवा बायकोचे दागिने यांचा हिशेब मांडू लागतात. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. आपले सतरा-अठरा वर्षांचे पोर आजारी पडले, फसले, घाबरले, तर त्या परक्या मुलखात त्याचा वाली कोण? हाच प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, परदेशगमनाला नाक मुरडणारे आम्ही नव्हे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे सांगून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांना घरात कोंडून ठेवले, त्यांची री ओढण्याचे आम्हांस कारण नाही. कुणब्याचे, सुताराचे, कुंभाराचे, साळ्याचे पोर जगाच्या पाठीवर कोठेही जाऊन शिकले तर आमचे पोट भरते. पण पायातली बेडी तोडणे वेगळे आणि दावे सोडून वासरू रानात हाकलणे वेगळे. शेजाऱ्याकडे चार महिने बैल ठेवावयाचा झाला तरी आम्ही गोठा पाहतो, वैरण पाहतो, त्या माणसाचा हात कसा आहे याची गावात चौकशी करतो. मुलगी द्यावयाची तर सोयरिकीची सात घरे धुंडाळतो. आणि पोटचा गोळा सहा वर्षांसाठी हजारो मैल दूर पाठविताना एका दलालाच्या शब्दावर विसंबतो! याला धाडस म्हणत नाहीत, याला बेफिकिरी म्हणतात.

पालक म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्यावे. आपल्याकडे १८७५ च्या कायद्यापासून अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मूल 'अज्ञान' समजले जाते आणि अज्ञानाचा पालनकर्ता कोर्टाने नेमावयाचा तर १८९० चा कायदा आहे. परदेशी शिक्षणाच्या व्यवहारात ज्याला 'गार्डियन' म्हणतात तो हा नव्हे. त्याला नेमल्याने आईबापांचा हक्क जात नाही. आईबाप दूर असताना त्यांच्या वतीने धावून जाणारा तो माणूस असतो. शाळेला सुट्टी लागली, वसतिगृह बंद झाले, तर मुलाला निवारा देणे, दवाखान्यात नेणे, शाळेचे पत्र वाचून घरी कळविणे, मूल खोटे हसत आहे की खरे हे तोंडाकडे पाहून ओळखणे, ही त्याची कामे होत. फोनवर आवाज ऐकू येतो, पण कपाळाला हात लावून ताप पाहता येत नाही. तो हात ज्याचा, तो पालक.

ज्या देशांत परदेशी मुले फार येतात त्यांनी याचे नियम केले आहेत, ते आमच्या वाचकांस ठाऊक असावेत. ऑस्ट्रेलियात अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याला व्हिसा मिळण्यापूर्वी त्याच्या राहण्याची व देखभालीची सोय पक्की झालेली असावी लागते. एक तर आई, बाप किंवा एकवीस वर्षांवरील चांगल्या वर्तणुकीचा नातलग त्याच्याजवळ राहिला पाहिजे, नाही तर शाळेने लेखी हमी देऊन ती जबाबदारी स्वतःवर घेतली पाहिजे. शाळेने हमी घेतली की मूल राहते ते घर आधी तपासावे लागते आणि पुढे निदान दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. हमीची तारीख सुरू होण्यापूर्वी मुलाला त्या देशात पाऊलही ठेवता येत नाही. कॅनडात सोळा वर्षांपर्यंतच्या एकट्या मुलाला तेथलाच नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेला ताबेदार पालक लागतो. आईबापांनी इकडे आणि त्या पालकाने तिकडे नोटरीसमोर सही करावी लागते. सतरा वर्षांच्या मुलाकडे असा पालक मागावयाचा की नाही, हे तेथला अधिकारी ठरवितो. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या अदलाबदलीच्या योजनेत यजमान घराची पाहणी होते, घरातील मोठ्या माणसांची पोलिसांकडील नोंद तपासतात आणि स्थानिक देखरेखदाराने दर महिन्याला निदान एकदा मुलाशी बोललेच पाहिजे असा दंडक आहे.

इंग्लंडात निवासी शाळा पुष्कळ. परदेशी मुलाला तेथे कोणी पालक असल्याशिवाय बहुतेक शाळा त्याला घेत नाहीत. म्हणून पैसे घेऊन पालकत्व करणाऱ्या संस्थांचा तेथे एक धंदाच उभा राहिला आहे. 'एजिस' नावाची एक संघटना अशा संस्थांची तपासणी करून त्यांना मान्यता देते, हे चांगले आहे. परंतु ही मान्यता घेणे सक्तीचे नाही. मान्यता नसलेला माणूसही पालकाची पाटी लावू शकतो. २०२२ साली तेथल्या निवासी शाळांचे नियम सुधारले, तेव्हा शाळेने स्वतः पालक नेमला असेल तर तो लायक आहे की नाही हे पाहण्याचा भार शाळेवर टाकण्यात आला. म्हणजे इतक्या श्रीमंत आणि कायदेबाज देशातही पालकाच्या पाटीमागे कोण बसला आहे हे पाहणे अखेर आईबापांवरच येते.

हे नियम साहेबाला दयेचा पाझर फुटला म्हणून झाले, असे कोणी समजू नये. त्यांतील पुष्कळ नियमांमागे एखाद्या लेकराचे प्रेत आहे. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातील व्हिक्टोरिया क्लिंबी या मुलीला तिच्या आईबापांनी चांगले शिक्षण मिळावे म्हणून बापाच्या आत्याबरोबर युरोपात पाठविले. ती आधी फ्रान्सात आणि १९९९ साली लंडनला गेली. त्या आत्याने व तिच्या जोडीदाराने पोरीचा अनन्वित छळ केला आणि फेब्रुवारी २००० मध्ये आठ वर्षांची ती पोर मेली. लॉर्ड लॅमिंग यांनी चौकशी करून २००३ साली अहवाल दिला. तिला वाचविण्याची निदान बारा वेळा संधी आली होती आणि दवाखाने, पोलीस, सरकारी खाती यांपैकी कोणीही ती साधली नाही, असे त्यात नमूद आहे. सोळा वर्षांखालील मूल जवळच्या नात्याबाहेरील माणसाकडे अठ्ठावीस दिवस किंवा अधिक राहणार असेल तर स्थानिक सरकारी कचेरीला कळविलेच पाहिजे, हा तेथला कायदा या प्रकरणानंतर अधिक कडक झाला. "तिकडे आपला माणूस आहे" एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्या आमच्या बांधवांनी हे प्रकरण मनावर कोरून ठेवावे. नाते हा पुरावा नव्हे. ज्याच्यावर कोणाची नजर नाही असे नाते तर मुळीच नव्हे.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. २०१९ साली क्राइस्टचर्च येथे विद्यापीठाच्या वसतिगृहात एक विद्यार्थी आपल्या खोलीत मरून पडला होता आणि काही आठवडे कोणाला त्याचा पत्ता नव्हता. तो परदेशी नव्हता, त्याच देशाचा होता. त्या देशाने परदेशी विद्यार्थ्यांच्या देखभालीचे नियम कधीच केले होते, पण स्वतःच्या मोठ्या विद्यार्थ्यांना तसे छत्र नव्हते. मग त्याच वर्षी कायदा झाला आणि २०२२ पासून दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी एकच देखभाल-संहिता तेथे लागू आहे. यातून शिकण्यासारखे एवढेच की, शंभर खोल्यांचे वसतिगृह म्हणजे घर नव्हे. सकाळी दार उघडले नाही तर ते ठोठावणारा कोणी तरी असावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. वर सांगितलेले छत्र मुख्यतः अठरा वर्षांखालील मुलांवर आणि तेही ज्या देशांनी ते उघडले त्या देशांत. आमची पोरे जातात कोठे? लंडनच्या निवासी शाळेत जाण्याची ऐपत आमच्या शेतकऱ्याची नाही. त्याचे पोर डॉक्टर होण्यासाठी रशिया, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जिया, फिलिपाइन्स अशा देशांत जाते. 'नीट'ला बसण्यास त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पुरी झाली की चालते. म्हणजे कोणी सतरा पुरी होऊन, कोणी अठराव्याला टेकून, कोणी नुकतेच अठरा ओलांडून विमानात बसते. अठरा पुरी झाली की कायदा हात झटकतो. त्या दिवसापासून पोर 'सज्ञान' झाले! पण बँकेचे खाते कसे चालते, तिकडच्या भाषेत डॉक्टरला दुखणे कसे सांगावे, पोलिसाने पासपोर्ट मागितला तर काय करावे, हे ज्ञान त्याला वाढदिवसाच्या पेढ्याबरोबर मिळते काय?

गेल्या काही वर्षांत आम्ही काय पाहिले ते आठवावे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळले. सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणावे लागले आणि त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. तळघरांत दिवस काढून, थंडीत मैलोन् मैल चालत पोरे सरहद्दीवर पोहोचली. मे २०२४ मध्ये किरगिझस्तानच्या बिश्केक शहरात जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले आणि आपल्या वकिलातीला मुलांना बाहेर पडू नका असे सांगावे लागले. त्याच वर्षी जून महिन्यात रशियातील वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडून मेले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील लेकरे होती. युद्ध पालक थांबवू शकत नाही, हे आम्हांसही कळते. पण कोणत्या नदीला ओढ आहे, कोणत्या गल्लीत रात्री जाऊ नये, कोणत्या वेळी सामान बांधून तयार राहावे, हे सांगणारे वडीलधारे माणूस जवळ असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे!

"आमचे दलाल सर्व पाहतात," असे काही बांधव म्हणतील. त्यांस आमचा प्रश्न आहे की, दलालाचे पोट कोण भरतो? पुष्कळदा कॉलेजच त्याला डोईमागे दलाली देते. ज्याचा पगार कॉलेजकडून, तो कॉलेजविरुद्ध तुमच्या पोराची बाजू घेईल काय? कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी? २०२३ साली कॅनडात खोटी प्रवेशपत्रे देऊन फसविलेल्या पंजाबी विद्यार्थ्यांचे प्रकरण गाजले. वर्षे उलटल्यावर त्या मुलांना कळले की आपले पहिले पत्रच बनावट होते आणि देशातून हाकलले जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्राची खात्री कॉलेजकडून करून घेण्याचा नियम कॅनडाने केला. म्हणजे दलालाच्या कागदावर त्यांचे सरकार विश्वास ठेवीत नाही, आणि आम्ही आमचे लेकरू ठेवतो!

पालक कोणी नेमावा, याचा धडा इतिहासातही आहे. पंजाबचा राजपुत्र दुलीपसिंग याचे राज्य १८४९ साली इंग्रजांनी खालसा केले आणि त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला डॉक्टर लॉगिन नावाचा पालक नेमून दिला. आई जिंदकौर हिच्यापासून पोर आधीच तोडले होते. पुढे त्याचा धर्म बदलला, १८५४ साली तो इंग्लंडला गेला आणि आईची भेट व्हावयास १८६१ साल उजाडावे लागले. लॉगिन वैयक्तिकरीत्या दुष्ट होता असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याने राज्य घेतले त्यानेच पालक नेमला, तेव्हा त्या पालकत्वातून पोराचे हित कितीसे साधणार? ज्याला पोरापासून नफा आहे त्याच्या हाती पालक नेमण्याचे काम कधीही देऊ नये.

आणखी एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "आमची पोरे दहाव्या वर्षी एकटी गुरे राखतात, रात्रीचे पाणी धरतात. त्यांना कसली दाई हवी?" बांधवांनो, तुमचे पोर रानात एकटे असते असे तुम्हांस वाटते, पण ते एकटे नसते. पलीकडच्या बांधावर चुलता असतो, वाटेवर दुकानदार ओळखतो, विहिरीवरची म्हातारी नावाने हाक मारते. सगळा गाव त्याचा पालक असतो, म्हणून वेगळा नेमावा लागत नाही. परदेशी हा गाव नाहीसा होतो. श्रीमंताचे पोर जाते तेव्हा त्याचा बाप दाम मोजून हा गाव विकत घेतो. गरिबाने काय करावे? आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणून स्वस्थ बसावे काय?

नाही. आमच्यापुढे आमच्याच वडिलांनी घालून दिलेला कित्ता आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली ती केवळ छपरे नव्हती. खेड्यातले पोर शहरात बुजू नये म्हणून त्याला आपले घर मिळावे, हा त्यांचा हेतू होता. १९२४ साली साताऱ्यास भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले आणि पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. पालकत्व म्हणतात ते याला. कागदावरची सही हा त्याचा आरंभ, पोराच्या ताटाची काळजी हा त्याचा गाभा. तेव्हा साताऱ्यात जे करता आले ते आज ताश्कंदात आणि तिबिलिसीत का करता येऊ नये?

म्हणून आमचे सांगणे असे. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने चार गोष्टी लेखी घ्याव्या. पहिली, त्या शहरात राहणाऱ्या, पोराला एका दिवसात गाठू शकेल अशा माणसाचे नाव, पत्ता आणि त्याची कबुली. दोनशे मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा पालक कामाचा नाही. दुसरी, तो माणूस दलालाचा किंवा कॉलेजचा पगारी नसावा, आणि असलाच तर ते उघड सांगितलेले असावे. तिसरी, पोर बेशुद्ध पडले तर उपचाराला संमती कोणी द्यावयाची, विमा कोणता, त्यात काय येते व काय येत नाही. चौथी, कॉलेज बंद पडले किंवा पोराला परतावे लागले तर फीचे काय. ही चौथी गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०२१ च्या आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांप्रमाणे निदान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि १२ महिन्यांची उमेदवारी एकाच परदेशी संस्थेत व्हावी लागते. चुकीच्या दारात शिरलेल्या पोराला मधूनच दार बदलता येत नाही.

घरातही एक शिस्त हवी. आठवड्याचा एक वार ठरवून पोराशी बोलावे आणि मार्कांच्या आधी जेवणाची व झोपेची चौकशी करावी. पैशाची तातडीची मागणी आली तर आधी पालकाला, वसतिगृहाला फोन करावा, मग पैशाचा विचार करावा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका चिनी मुलाला ठगांनी फोनवरून धमकावून थंडीत डोंगरात तंबू ठोकून राहावयास लावले आणि चीनमधील आईबापांना तुमचा मुलगा पळविला आहे असे भासवून ८०,००० डॉलर उकळले. मुलाला कोणी हातही लावला नव्हता! त्याच्या भीतीवर आणि आईबापांच्या दूरपणावर त्या ठगांनी धंदा केला. म्हणून "काहीही झाले, चूक तुझी असली तरी, आधी आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही," हे वाक्य पोराच्या शिदोरीत पहिले बांधावे. कर्जाच्या ओझ्याखाली पाठविलेले पोर दुःख लपविते, कारण आपल्यासाठी रान विकले गेले हे त्याला ठाऊक असते.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. मजुरीसाठी माणसे परदेशी पाठविणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याने नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पोरे पाठविणाऱ्यावर त्या कायद्याचा लगाम नाही. पंजाबने २०१२ साली अशा सल्लागारांसाठी आपला कायदा केला. महाराष्ट्रानेही दलालाला परवाना, कॉलेजकडून मिळणाऱ्या दलालीचा उघड आकडा आणि पालकाची लेखी व्यवस्था सक्तीची करावी. राजर्षी शाहूंच्या नावाची सरकारी परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहे, ती उत्तमच. पण बारावी होऊन जाणारी कोवळी पोरे त्या छत्राच्या बाहेर आहेत, त्यांचाही विचार व्हावा. केंद्र सरकारने 'मदद' नावाची तक्रार-व्यवस्था २०१५ साली सुरू केली आहे. तेथे पोराची नोंद विमानात बसण्यापूर्वी तालुक्याच्या कॉलेजातच करून द्यावी.

आणि सरकारची वाट पाहत बसू नये. ज्या तालुक्यातून दहा पोरे एका शहरात गेली आहेत त्या दहा घरांनी एकत्र बसावे, वर्गणी काढावी, तेथल्या वरच्या वर्गातील एका शहाण्या मुलाला किंवा स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला पोरांची विचारपूस करण्याचे काम द्यावे आणि महिन्याचा अहवाल घ्यावा. परत आलेल्या डॉक्टर मुलामुलींनी नव्या पोरांना जाण्यापूर्वी चार दिवस शिकवावे. दुधाची सोसायटी ज्यांना चालविता येते त्यांना हे अवघड नाही.

बांधवांनो, आयाबहिणींनो, पोरे पाठवा, जरूर पाठवा. पण दलालाने पावतीचे पुस्तक पुढे केले की त्याला आधी विचारा, तेथे आमच्या लेकराचे दार ठोठावणारा कोण? नाव सांगितले तर त्या माणसाशी स्वतः बोला. नाव सांगता आले नाही, तर पैसे कमरेलाच राहू द्या आणि उठून घरी या.